अट कुठे घालायची, कुठे सोडायची: टीमकडून नवी कल्पना काढण्याची सहा आठवड्यांची पद्धत

‘बजेट मिळालं असतं तर करून दाखवलं असतं’ आणि ‘टंचाईतूनच डोकं चालतं’ ही दोन्ही वाक्यं कंपन्यांच्या मीटिंगमध्ये सारख्याच ठामपणे बोलली जातात. दोन्ही अर्धीच खरी आहेत. २०१९ मध्ये व्यवस्थापनशास्त्राच्या तीन अभ्यासकांनी या विषयावरच्या १४५ संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेलं चित्र असं: अटी अजिबात नसल्या की लोक पहिली सुचेल ती सोपी कल्पना उचलतात, फार झाल्या की हात टेकतात, आणि मधल्या पट्ट्यात सर्वात चांगलं काम होतं.

पण अटी किती असाव्यात यापेक्षा त्या कुठे असाव्यात, हा प्रश्न कामाच्या जागी जास्त उपयोगाचा. बहुतेक ठिकाणी निकाल मोघम असतो (‘काहीतरी इनोव्हेटिव्ह करा’) आणि रीत मात्र करकचून बांधलेली असते: तीन कोटेशनं, चार सह्या, ठरलेलं प्रेझेंटेशन. खालची पद्धत याच्या बरोबर उलट आहे. निकालावर एकच कडक अट घालायची आणि तिथे पोचायची वाट मोकळी सोडायची. ती उत्पादन विभाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कार्यालयीन कामासाठी काय बदलायचं ते पुढे येईल.

१. आहेत त्या अटी आधी कागदावर आणा

नवी अट घालण्यापूर्वी जुन्या मोजा. विभागातल्या चार-पाच जणांना दीड तास बसवून एक तक्ता भरून घ्या. त्यात एक तरी माणूस प्रत्यक्ष मशीनवरचा हवा. रकाने पाच: अट काय, कोणी घातली, कधीपासून, कशासाठी, आणि ती उठवायचा अधिकार कोणाला. शेवटचे दोन रकाने भरताना खरी गंमत येते. ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे उत्तर ‘कशासाठी’च्या रकान्यात आलं की तिथे खूण करून ठेवा.

मग यादीचे तीन ढीग करा. पहिल्यात निसर्गाच्या, कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या अटी. यांना हात लावायचा नाही. दुसऱ्यात पैसा, माणसं आणि साधनांच्या. या खऱ्या असतात, पण हलू शकतात. तिसऱ्यात सवयीच्या. तिसऱ्या ढिगातल्या ज्या अटींचा धनी सापडत नाही, त्या सहा आठवड्यांपुरत्या स्थगित असल्याचं विभागप्रमुखाने लेखी द्यायचं. तोंडी सांगून भागत नाही. खरेदी आणि क्यूसीवाले (दर्जा तपासणारे) तोंडी सूट मानत नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

ढीग नीट केले तर काय फरक पडतो, हे मंगळयानात दिसतं. पृथ्वीवरून मंगळाकडे जायची योग्य वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. ही पहिल्या ढिगातली अट, इथे वाटाघाटी नाहीत. मोहिमेची घोषणा ऑगस्ट २०१२ मध्ये झाली आणि उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३ ला झालं, म्हणजे हातात जेमतेम पंधरा महिने होते. जड जीएसएलव्ही रॉकेट २०१० मध्ये दोनदा अपयशी ठरलं होतं, त्यामुळे हाताशी भरवशाचं होतं ते लहान पीएसएलव्ही. ही दुसऱ्या ढिगातली. पण ‘रॉकेटने यान थेट मंगळाच्या वाटेला लावलंच पाहिजे’ ही तिसऱ्या ढिगातली निघाली. पीएसएलव्हीने यान पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडलं, यानाच्या स्वतःच्या इंजिनाने टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवत नेली, आणि १ डिसेंबरला ते मंगळाकडे निघालं. यानाचा सांगाडाही नव्याने न आखता चांद्रयान-१ च्या धर्तीवर बेतला. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये.

२. एकच आकडा ठरवा, आणि तो पुरेसा बोचरा हवा

अट आकड्यातच हवी आणि एकच हवी. ‘वेळ कमी करा, खर्चही कमी करा, दर्जा वाढवा’ या तीन अटी झाल्या. अशा वेळी टीम त्यातली सर्वात सोपी निवडते आणि बाकीच्यांवर रिपोर्ट लिहिते.

आकडा किती बोचरा असावा, याचा धडा टोयोटाच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात, मिळतो. १९६९ मध्ये तिथल्या १,००० टनी प्रेसवर डाय (साचा) बदलायला चार तास लागत. जर्मनीत फोक्सवॅगन तेच काम दोन तासांत करत होती, म्हणून त्याहून कमी वेळ गाठायचं ठरलं. सल्लागार अभियंता शिगेओ शिंगो आणि कारखान्यातल्या लोकांनी मशीन थांबल्यावर करायची कामं आणि चालू असताना करता येणारी कामं वेगळी केली आणि सहा महिन्यांत ९० मिनिटं गाठली. हे उत्तम काम होतं, पण ते होतं जुन्या रीतीची साफसफाई. मग व्यवस्थापनाने तीन मिनिटांचा आकडा पुढे केला. ९० मिनिटांची साफसफाई कितीही केली तरी तीन मिनिटं होत नाहीत. त्यामुळे प्रश्नच बदलला: मशीन थांबवूनच करावी लागतात अशी समजली जाणारी कामं, मशीन थांबण्याआधी करता येतील अशी बदलून घेता येतील का? पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांचं लक्ष्य गाठलं गेलं.

यावरून कामाचा एक नियम काढता येतो. आजचीच रीत अधिक जोर लावून चालवली आणि आकडा गाठता आला, तर अट ढिली आहे. दहा टक्के कपात मागितली की लोक काटछाट करतात. निम्मं किंवा पाव मागितलं की रचना बदलावी लागते. वरची बाजूही तपासा. टीमला तासभर देऊन विचारा, ‘हे शक्य व्हायचं असेल तर कोणत्या दिशेने?’ दोनसुद्धा पटण्याजोग्या दिशा निघाल्या नाहीत तर आकडा थोडा सोडा. आणि टोयोटात झालं तसं दोन टप्प्यांत जायला हरकत नाही. साफसफाई आधी झालेली बरी. पसाऱ्यात नवी कल्पना दिसत नाही.

३. काय सोडून द्यायचं तेही लिहा

ही पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते. एका बाजूला ताण द्यायचा तर दुसऱ्या बाजूला सैल सोडावंच लागतं. काय सोडायचं हे वरिष्ठांनी सांगितलं नाही तर टीम आपल्या मनाने काहीतरी सोडते, आणि ते बहुधा नको तेच असतं.

गोदरेजचा ‘छोटूकूल’ घ्या. २००८ च्या सुमारास उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या महिलांशी बोलून या उपकरणाची आखणी सुरू झाली. अपेक्षित घर असं: वीज बेभरवशाची, जागा थोडी, घर बदललं की सामान उचलून न्यायचं, आणि थंड ठेवायचं ते थोडं दूध, भाजी, पाण्याच्या पाच-सहा बाटल्या. किंमत ३,२५० रुपयांच्या आसपास. मोठ्या फ्रिजमधून एकेक भाग काढत गेलं असतं तर या किमतीला पोचता आलंच नसतं, कारण कॉम्प्रेसर तिथेच राहिला असता. तो सोडायचा तर बर्फ सोडावा लागतो. तो सोडला. त्याऐवजी आतून वीज वाहिली की एक बाजू थंड होणारी चिप आणि एक पंखा बसवला. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशांनी खाली ठेवायचं, एवढंच. झाकण वरून उघडणारं, म्हणजे जड थंड हवा आतच राहते. नेहमीच्या फ्रिजमधल्या दोनशेहून अधिक भागांच्या जागी वीसच्या आसपास भाग आले, वजन आठ किलोच्या आत, क्षमता ४३ लिटर, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची सोय. ‘बर्फ झाला नाही तरी चालेल’ हे वाक्य ठरलं नसतं तर यातलं काहीच जमलं नसतं.

तुमच्या टीमसाठीही असं एक वाक्य हवं, आणि ते विक्री किंवा ग्राहक सांभाळणाऱ्या माणसाकडून तपासून घेतलेलं हवं.

४. एका पानाची चिठ्ठी

आता हे सगळं एका पानावर. नमुन्यादाखल, प्लास्टिक मोल्डिंगच्या मध्यम आकाराच्या कारखान्यासाठी चिठ्ठी अशी दिसेल:

काम: मशीन क्रमांक ४ वरचा मोल्ड (साचा) बदल.
आज: ११० मिनिटं. लक्ष्य: २५ मिनिटं. मुदत: ६ आठवडे.
मोजमाप: जुन्या मोल्डचा शेवटचा चांगला नग ते नव्या मोल्डचा पहिला चांगला नग.
खर्चाची मुभा: ६०,००० रुपये, ५,००० पर्यंतच्या खरेदीला कोटेशन नको, टीमप्रमुखाची सही पुरे.
हात लावायचा नाही: गार्डचे इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय), उचलायच्या आयबोल्टची (कडीच्या बोल्टची) क्षमता, मोल्ड पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पची संख्या (साचे सांभाळणाऱ्या टूल रूमच्या लेखी परवानगीशिवाय).
चालेल: मोल्ड ठेवायची जागा बदलली तरी, बदलाच्या वेळी शेजारच्या मशीनचा माणूस दहा मिनिटं घेतला तरी.
धनी: उत्पादन व्यवस्थापक. आकडा सैल किंवा घट्ट करायचा अधिकार फक्त यांना.
कारण: ऑर्डरी लहान झाल्या आहेत; आठवड्याला चारऐवजी दहा बदल करावे लागणार आहेत.

यातल्या दोन ओळींवर अडून बसा. मोजमापाची ओळ नेमकी नसली तर मोल्ड बसला की घड्याळ थांबवलं जातं आणि पुढचा पाऊण तास सेटिंग करत स्क्रॅप (टाकाऊ माल) निघत राहतो, जो कुणाच्याच हिशेबात येत नाही. आणि कारणाची ओळ नसली तर लोक स्वतःच कारण शोधतात: माणसं कमी करायची असणार. तो संशय एकदा शिरला की कल्पना बंद होतात. तेव्हा वाचलेल्या वेळेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही हे खरं असेल तर चिठ्ठीत लिहा. खरं नसेल तर हा प्रयोग या विभागात करू नका.

५. सहा आठवडे, आठवड्यानुसार

टीम चार ते सहा जणांची: मशीनवरचे दोन (एक रात्रपाळीचा), टूल रूमचा एक, मेंटेनन्सचा एक, क्यूसीचा एक. आठवड्यातून सलग अर्धा दिवस यांना दुसरं काम नाही आणि फोन नाही. ही चैन नव्हे. कंपन्यांतल्या सर्जनशीलतेचा अभ्यास करणाऱ्या टेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी ७ कंपन्यांतल्या २२ टीममधल्या १७७ जणांच्या ९,००० हून अधिक रोजच्या नोंदी तपासल्या; २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. घाईच्या दिवसांत सर्जनशील विचार साधारणपणे घटलेला दिसला. अपवाद होता तो एकाच कामात सलग लक्ष घालता येत होतं आणि घाई कशासाठी आहे हे पटलेलं होतं, अशा दिवसांचा. मुदत कडक ठेवून वर दिवसभर तुकड्यातुकड्यांत दुसरी कामं दिली, तर मुदतीचा जाच तेवढा उरतो.

पहिल्या आठवड्यात फक्त पाहायचं. तीन बदलांचं पूर्ण चित्रीकरण करा. मोबाइल स्टँडवर लावला तरी पुरे. ज्याचं काम चित्रित होतंय त्याला आधी विचारा, आणि चित्रफीत त्याच्यासोबतच बघा. प्रत्येक हालचाल सेकंदांसह लिहून काढा. शोधाशोध, चालणं, क्रेनची वाट बघणं हे सगळं ‘काम’ म्हणूनच लिहायचं, लाजायचं नाही. १९५० मध्ये हिरोशिमातल्या तोयो कोग्यो कारखान्यात ८०० टनी प्रेसचा डाय बदलताना शिंगोंनी हेच पाहिलं होतं: एक बोल्ट हरवलेला, कामगार तासाहून अधिक वेळ तो शोधत फिरतोय, आणि शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून बसवतोय.

दुसरा आठवडा कल्पनांचा. लगेच चर्चा सुरू करू नका. साहेब किंवा सर्वात अनुभवी माणूस पहिलं वाक्य बोलला की बाकीचे त्याच वाटेने जातात. आधी वीस मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून, एका कागदावर एक, अशा कल्पना लिहायच्या. नंतर सगळे कागद भिंतीवर लावा आणि नोंदलेल्या प्रत्येक हालचालीला तीन प्रश्न विचारा: हे मशीन चालू असताना आधीच करता येईल का? आज येत नसेल तर काय बदललं की येईल? आणि हे करायलाच हवं का?

मोल्ड बदलात सर्वात जास्त वेळ कुठे सापडतो तेही सांगून टाकू. मोल्ड मशीनवर चढवल्यानंतर तापवणं: तो बाहेरच आधी तापवून ठेवता येतो. पाण्याच्या नळ्या एकेक क्लिपने लावणं: झटपट जोडणीचे कपलिंग बसवून, दोन रंग देऊन, सगळ्या नळ्या एकत्र जोडता येतात. मोल्डची जाडी वेगवेगळी असल्याने दर वेळी क्लॅम्पचे ठोकळे बदलणं: पातळ मोल्डच्या क्लॅम्पच्या जागी कायमची पट्टी बसवून पकडीची उंची सगळीकडे एकच करता येते. आणि बोल्ट. पंधरा आट्यांचा नट आपण पंधरा वेळा फिरवतो, पण पकड येते ती शेवटच्या फेऱ्याला. आधीचे चौदा फेरे निव्वळ प्रवास असतो. इंग्रजी ‘यू’ आकाराचा वॉशर वापरला तर नट पूर्ण न काढता एक फेरा सैल करून वॉशर बाजूने ओढून घेता येतो. छिद्र नटापेक्षा मोठं करता येत असेल तर मग नट बोल्टवरून उतरवावाच लागत नाही. मात्र वॉशरची जाडी आणि टॉर्क (नट आवळायचा जोर) टूल रूमनेच ठरवायचा. सैल पकडीचा मोल्ड जिवावर बेततो.

तिसरा-चौथा आठवडा स्वस्तातल्या चाचण्यांचा. पुठ्ठा, लाकूड, भंगारातली पट्टी काहीही चालेल, पण प्रत्येक चाचणी खऱ्या बदलावर घ्या. पाचव्यात जे टिकलं ते पक्क्या धातूत करून घ्या. सहावा आठवडा टीमबाहेरच्या माणसांचा: ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी एका पानाच्या सूचनेवरून बदल करून दाखवायचा, टीमने हात मागे बांधून उभं राहायचं.

६. अट हलवायची कधी

दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी चिठ्ठीचा धनी अर्धा तास देतो आणि तीनपैकी एक निर्णय घेतो: घट्ट, सैल किंवा बंद. आलेल्या सगळ्या कल्पना ‘जरा लवकर करू’ छापाच्या असतील तर आकडा घट्ट करा. लोक कल्पनांऐवजी कारणं आणू लागले असतील तर आधी पहिल्या पायरीतला तक्ता काढा. बहुतेक वेळा आकडा जड नसतो, एखादी न दिसलेली अट आडवी आलेली असते, उदाहरणार्थ क्रेन दुसऱ्या विभागाची आहे. ती सोडवली तरी हालत नसेल तरच आकडा सैल करा. धन्याशिवाय कुणी अट बदलायची नाही, आणि मधेच नवी घालायची तर मुळीच नाही.

७. कार्यालयीन कामासाठी

पायऱ्या त्याच, मोजमाप वेगळं. पतसंस्थेतल्या कर्जअर्जासाठी ‘प्रक्रिया वेगवान करा’ न म्हणता ‘सभासदाला शाखेत एकदाच यावं लागेल’ अशी अट घाला. या एका वाक्याने कागदपत्रांची यादी, सह्यांचा क्रम, जामीनदाराची भेट सगळं नव्याने मांडावं लागतं. केवायसी आणि रिझर्व्ह बँकेचे किंवा सहकार खात्याचे नियम पहिल्या ढिगात. चित्रीकरणाऐवजी दहा जुन्या फायली घ्या आणि प्रत्येक कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडला होता ते लिहा.

८. कुठे बिघडतं

रीतीवरची अट चुकीच्या विभागात नेली की सर्वात मोठं नुकसान होतं. थ्रीएम या कंपनीत २००१ पासून कंपनीप्रमुख जेम्स मॅकनर्नी यांच्या कारकिर्दीत सिक्स सिग्मा ही मोजमापातून चुका कमी करायची शिस्त सर्वत्र लागू झाली. कारखान्यात तिचा फायदा झाला. पण तीच मोजमापं आणि टप्प्याटप्प्याची मंजुरी प्रयोगशाळेत गेल्यावर, कशाचा उपयोग होईल हे आधी सांगता न येणारं काम मागे पडलं. गेल्या पाच वर्षांतल्या नव्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशाच्या आसपास आला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधन विभागातली ही पकड सैल केली. तेव्हा वरची सहा आठवड्यांची पद्धतही जिथे निकाल आकड्यात सांगता येतो तिथेच वापरा. मूलभूत शोधाच्या कामाला ती लावू नका.

दुसरा बिघाड जास्त फसवा आहे, कारण त्यात टीम यशस्वी झालेली असते. टाटा नॅनोसाठी एक लाख रुपये ही अट होती, आणि पुण्याच्या अभियंत्यांनी ती मनावर घेतली: मागे बसवलेलं दोन सिलिंडरचं ६२४ सीसी इंजिन, एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत गाडी दाखवली तेव्हा जगभर चर्चा झाली. पण आतली अट तीच बाहेरची ओळख बनली: ‘सर्वात स्वस्त गाडी’. गाडी घेणं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट. दारात ‘सर्वात स्वस्त’ कोण उभं करणार? ही ओळख चूक होती, असं रतन टाटांनीही पुढे जाहीरपणे म्हटलं. सिंगूरहून साणंदला झालेलं कारखान्याचं स्थलांतर आणि गाड्यांना आग लागल्याच्या घटनांनी नुकसान वाढवलं, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. चिठ्ठीतला आकडा कारखान्याच्या आत ठेवा. ग्राहकाला त्यातून काय मिळालं, तेवढंच बाहेर सांगा. छोटूकूलही खेड्यातल्या घरात ठरवलं होतं तसा रुजला नाही, शहरातल्या गाड्यांत आणि छोट्या दुकानांत गेला. अट पाळणं आणि गिऱ्हाईक ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

लहान बिघाड नेहमीचेच. वाचलेला वेळ दुसऱ्या विभागाच्या गळ्यात टाकलेला असतो, उदाहरणार्थ मोल्ड आधी तापवायचं काम टूल रूमवर पण माणूस वाढवलेला नाही. यावर उपाय, दोन्ही विभागांचे एकूण तास मोजणं. एखादा हुशार फिटर जीव तोडून २५ मिनिटं गाठतो आणि तो रजेवर गेला की ७० होतात. म्हणूनच सहावा आठवडा टीमबाहेरच्यांचा ठेवला आहे. खोटी मुदत एकदाच चालते. ‘ग्राहक येणार आहे’ म्हणून सांगितलं आणि कुणी आलं नाही, तर पुढच्या चिठ्ठीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

लक्ष्य गाठल्यावर आठवडाभराच्या आत जुनी साधनं मजल्यावरून काढून घ्या: लांब बोल्ट, वेगवेगळ्या उंचीचे ठोकळे, नळ्यांच्या जुन्या क्लिपा. स्टोअरमध्ये ठेवली तर नोंदीतून रद्द करून भंगारात टाका. ती कपाटात हाताशी राहिली की रात्री तीनच्या बदलाला नवा वॉशर सापडत नाही तेव्हा तीच बाहेर येतात, आणि महिन्याभरात घड्याळ पुन्हा ११० वर जातं. त्यानंतर तीन महिने दर आठवड्याला एक बदल, वेळ न सांगता, मोजत राहा आणि आकडा मशीनवरच खडूने लिहा.